पीकरक्षणाची बंदूक सरसकट जमा करायला सांगतात, त्याला गावानं विरोध कसा करायचा

इलेक्शन जाहीर झालं की दोन-चार दिवसात पोलीस पाटलाचा फोन येतोच, "भाऊ, बंदूक ठाण्यात आणून टाका, वरून आदेश हाय." आणि आपण नेऊन टाकतो. आदेश कोणाचा, कोणत्या कलमाखाली, त्यात माझं नाव आहे का, कोणी विचारत नाही. २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला, निकाल २३ ला. आता ज्याच्या घरी शेती आहे त्यानं सांगावं त्या सव्वा महिन्यात वावरात काय असतं. पराटी (कापूस) फुटलेली, तूर फुलावर, हरबरा नुकता वर आलेला, तिकडे चंद्रपूर-गडचिरोलीकडे धान लोंबीवर. म्हणजे रानडुकरं आणि रोही (नीलगाई) ज्या दिवसात सगळ्यात जास्त वावरात, नेमकी त्याच दिवसात बंदूक ठाण्याच्या खोलीत.

माझ्या बापाची एकनळी बारा बोअर आहे, लायसन पीकरक्षणाचं. एका इलेक्शनला मी स्वतः जमा करायला गेलो होतो. भिंतीला टेकवून वीस-बावीस बंदुका उभ्या, प्रत्येकीच्या घोड्याजवळ सुतळीनं बांधलेली कागदाची चिठ्ठी, काही चिठ्ठ्या तर गळून खाली पडलेल्या. निकाल लागून दोन महिने झाले तरी परत मिळाली नाही, आणि मिळाली तेव्हा नळीत बोट घातलं तर बोटाला लाल गंज लागला. त्याच दिवसात एका सकाळी वावरात गेलो तं धुऱ्यापासून आत पंचवीस तास (ओळी) हरबरा उपटून पडलेला, मुळ्या वर, माती अशी उकरलेली की कोणी वखर मारून गेला असं वाटावं. बाप काही बोलला नाही, एक झाड उचललं, त्याची माती झटकली आणि परत तिथंच ठेवून दिलं. तेव्हापासून हे सगळं शिकलो, दोन इलेक्शनला गावाकडून कागद केले, त्यातून जे समजलं ते लिहितो, लांब झालं तरी वाचा.

सगळ्यात आधी कोणाशी भांडायचं ते ठरवा, कारण इथंच सगळे चुकतात. हत्यारं हा विषय केंद्राचा आहे, घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूचीत ५ नंबरला आहे. म्हणजे कायदा बदलायचा असेल तर आमदाराला निवेदन देऊन काही होत नाही, तिथं खासदारच पाहिजे. लायसन देणं, रद्द करणं हे कलेक्टरकडे. इलेक्शनच्या वेळी जमा करण्याचा विषय कलेक्टर आणि एसपीच्या छाननी समितीकडे. आणि जनावर मारायची परवानगी हा चौथाच विषय, तो वनविभागाचा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा. पीकरक्षणाची बंदूक आहे म्हणून डुक्कर मारता येतं असं नाही, त्याची परवानगी वेगळी लागते, आणि आपल्याकडे बहुतेक जण बार काढून हाकलायलाच वापरतात. हे चारही विषय एका निवेदनात कोंबले की साहेब म्हणतात "हा माझा विषय नाही" आणि ते खोटं पण बोलत नसतात.

आता आपल्या बाजूनं काय आहे ते पाठ करा. १९५९ चा शस्त्र कायदा, कलम १३. त्यात साफ लिहिलंय की खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचं लायसन द्यावं, आणि ठासणीची पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक पण देता येते. म्हणजे शेतकऱ्याची बंदूक ही कोणी मेहरबानी केलेली नाही, कायद्यातच तिचं नाव आहे. दुसरं, लायसन नाकारलं, स्थगित केलं किंवा रद्द केलं तर अधिकाऱ्याला कारण लेखी नोंदवावं लागतं आणि आपण मागितलं तर थोडक्यात द्यावं लागतं, आणि त्यावर कलम १८ खाली अपील करता येतं, ३० दिवसात. तोंडी "नाही होत" म्हणाले की ३० दिवस कुठून मोजणार, म्हणून कागद मागायचा.

तिसरं, आणि हे सगळ्यात कामाचं. मुंबई हायकोर्टात एक प्रकरण गेल्यानंतर निवडणूक आयोगानं १ सप्टेंबर २००९ ला सूचना काढल्या. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करायच्या नाहीत, जिल्ह्यात छाननी समिती बसवायची, तिनं एकेक लायसन पाहायचं. जामिनावर सुटलेले, गुन्ह्याचा इतिहास असलेले, आधी दंगलीत, खास करून इलेक्शनच्या काळातल्या दंगलीत असलेले, अशा लोकांकडे आधी पाहायचं. ज्याची जमा करायची त्याला नावानं नोटीस द्यायची, आणि निकाल लागून आठवडा झाला की लगेच बंदूक परत करायची. आता तुम्हीच सांगा, तुमच्या गावात कोणाला नावानं नोटीस आली? ह्या सूचनांची प्रिंट काढून लायसनच्या प्लास्टिकच्या पाकिटातच ठेवा.

मग गावाची यादी करा. कोणाकडे लायसन, कोणतं, मुदत कधी संपते, युआयएन नंबर (लायसनवाल्याचा देशभराच्या नोंदीतला नंबर) पडलाय का. एखाद्या घरी लायसनवाला माणूस वारला असेल आणि बंदूक तशीच आड्याला लटकलेली असेल तर वारसानं आधी अर्ज करावा, त्याचं नाव हरकतीत घालू नका, नाहीतर तीच पहिली उचलली जाते. आणि बिनलायसनी भरमार (ठासणीची बंदूक) कोणाकडे असेल तर त्याला या कामापासून लांब ठेवा, ती बेकायदेशीर आहे, त्याच्यासाठी आपण लढत नाही. हे तोंडावर सांगायला जड जातं, पण एका भरमारीनं वीस लायसनवाल्यांचा कागद फाटतो. अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत गाव असेल (ताडोबा, टिपेश्वर, बोर, नागझिरा, मेळघाट, आपल्याकडे अशी गावं किती तरी आहेत) तर वन्यजीव कायद्यानं बंदुकीची नोंद वनविभागाकडे पण लागते आणि नवीन लायसनला मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती लागते, ती नोंद झाली आहे का बघून घ्या.

नुकसानीचे कागद. इथं मला आपल्या लोकांचा रागच येतो. वनविभागाची भरपाई थोडी मिळते, हेलपाटे जास्त, म्हणून कोणी अर्जच करत नाही, पंचनामा होत नाही. मग कलेक्टर ऑफिसमध्ये साहेब फाईल उघडतो तेव्हा त्या गावात नुकसान शून्य. रेकॉर्डवर नुकसान नाही म्हणजे सरकारच्या हिशोबानं डुक्करच नाही! पैसे नाही मिळाले तरी चालेल पण अर्ज टाका, पोच घ्या, सातबारा जोडा, फोटो काढताना गट नंबरचा दगड किंवा ओळखीचं झाड दिसलं पाहिजे. एका हंगामाचे अशे पंधरा-वीस कागद जमले की तुमच्या हरकतीला वजन येतं, नुसत्या सह्यांना येत नाही.

ग्रामसभेचा ठराव आचारसंहिता लागायच्या आधी घ्या, एकदा लागली की सभाच होत नाही आणि सगळे हात वर करतात. १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरची ग्रामसभा धरा, कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. विषय अजेंड्यावर आधीच लिहून घ्यायला लावा, ऐन वेळच्या विषयात टाकला तर ग्रामसेवक प्रोसिडिंगला चढवेलच याची खात्री नसते. बायांना बोलवा, जागलीला (रात्री पीक राखायला) नवरा जातो तेव्हा घरी रात्रभर डोळा लागत नाही तो तिचा, आणि ती सभेत बोलते तेव्हा कोणी टिंगल करत नाही. ठरावाचे शब्द आमच्या गावात असे ठेवले होते: "आमच्या गावात पीकरक्षणाचे इतके परवानाधारक आहेत. त्यापैकी कोणावरही गुन्हा दाखल नाही. निवडणुकीच्या काळात त्यांची शस्त्रे सरसकट जमा न करता निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे प्रत्येक परवान्याची स्वतंत्र छाननी करावी. जमा करणे आवश्यक असल्यास लेखी कारणासह नोटीस द्यावी व निकालानंतर आठवड्याच्या आत शस्त्र परत करावे." बस, एवढंच. सरकार शेतकरीविरोधी आहे, यांव आहे त्यांव आहे, हे त्यात लिहू नका, मनात कितीही असलं तरी. गुन्हा नाही हे लिहायच्या आधी खरंच नाही ना ते विचारून घ्या.

तो ठराव, यादी, नुकसानीचे कागद घेऊन कलेक्टर ऑफिसच्या गृह शाखेत, एसपी ऑफिसमध्ये आणि तुमच्या ठाणेदाराकडे द्या. आवक नंबर आणि ओसीवर (आपल्याजवळ राहणाऱ्या प्रतीवर) शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मी पहिल्या वेळी शिक्का न घेता आलो होतो, पंधरा दिवसांनी गेलो तं "असा अर्ज आलाच नाही". दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याचा लोकशाही दिन असतो, पण त्याचा अर्ज १५ दिवस आधी टाकावा लागतो. आणि सोबत एक माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं तिकीट लावून: मागच्या इलेक्शनला छाननी समितीच्या बैठका कधी झाल्या, कार्यवृत्ताची प्रत, जिल्ह्यात पीकरक्षणाचे परवाने किती, त्यातले किती जमा केले, कितीजणांना नावानं नोटीस दिली. उत्तर आलं नाही तर अपील. उत्तर आलं आणि नोटीस शून्य दिसली तर तोच कागद आमदाराकडे न्या. कायदा त्याच्या हातात नाही हे खरं, पण कलेक्टरला प्रश्न विचारणं त्याच्या हातात आहे, आणि हिवाळी अधिवेशन आपल्या नागपूरलाच असतं, प्रश्न टाकायला आणि त्याचा पाठपुरावा करायला आपल्याला मुंबई गाठायची गरज नाही.

आता कायद्यावरच हरकत असेल तर. काही लोक म्हणतात केंद्रापुढे आपलं कोण ऐकतो. २०१९ चं बघा ना. आधी एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या. नोव्हेंबरमध्ये जे बिल आलं त्यात एकच ठेवली होती. विरोध झाला, खासदार बोलले, आणि डिसेंबरमध्ये पास झालं तेव्हा एकाच्या दोन झाल्या. जास्तीची बंदूक जमा करायला वर्षभर दिलं, लायसनची मुदत तीनची पाच वर्ष झाली. कॅनडात पण असंच, तिथं १ मे २०२० ला सरकारनं एका फटक्यात सुमारे १,५०० प्रकारच्या बंदुकांवर बंदी आणली, ती काही उठली नाही, पण २०२२ च्या शेवटी शिकारीच्या बंदुकांपर्यंत हात घालणारी दुरुस्ती आणली तेव्हा खेड्यातले शिकारी आणि तिथले आदिवासी दोघंही उभे झाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ती मागं घ्यावी लागली. दोन्ही ठिकाणी सगळा कायदा कोणी पाडला नाही, त्यातली आपल्या पोटावर येणारी ओळ बदलून घेतली. तुम्ही पण कोणती ओळ बदलायची ते नेमकं सांगा.

त्यासाठी दोन रस्ते. नियमांचा मसुदा निघतो तेव्हा केंद्राच्या २०१४ च्या धोरणाप्रमाणे लोकांच्या सूचनांसाठी साधारण ३० दिवस ठेवायचे असतात, तेव्हा गृहमंत्रालयाला नियमाचा नंबर टाकून हरकत पाठवा, रजिस्टर पोस्टानं. दुसरा, लोकसभेला याचिका. ती सभागृहाच्या नावानं असते, खासदार मांडतो, भाषा सभ्य पाहिजे, शेवटी नेमकी मागणी पाहिजे, सही किंवा अंगठा आणि पूर्ण नाव-पत्ता पाहिजे. मराठीत लिहिली तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सही करून जोडावं लागतं, आणि दुसरे कोणतेच कागद त्याला जोडायचे नाहीत, जे सांगायचं ते याचिकेतच. कोर्टात चालू असलेला विषय त्यात चालत नाही. खासदाराकडे जाताना पाचच जण जा पण पाच गावचे जा, एका गावचे पन्नास नको.

वागण्याबद्दल थोडं. निवेदन द्यायला जाताना, मोर्चात, बॅनरवर, व्हॉट्सॅपच्या डीपीवर कुठंच बंदूक दिसली नाही पाहिजे. पोरांना आधीच सांगा, लग्नात-वरातीत हवेत बार काढला तर २०१९ पासून त्याला दोन वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, आणि तो एक व्हिडिओ तुमच्या सगळ्या फाईलवर भारी पडतो. सही मोहिमेत पक्षाचं चिन्ह, पक्षाचा दुपट्टा नको, आचारसंहितेत तर अजिबात नको. आणि बंदुकीला विरोध करणारी माणसं भेटतील, त्यांना शत्रू समजू नका. बंदुकीनं घरं उद्ध्वस्त होतात हे खरंच आहे, कबूल करा. मग त्यांना विचारा, बंदूक काढून घेतल्यावर शेतकरी काय करतो? कुंपणाच्या तारेत करंट सोडतो. त्या करंटनं डुक्कर मरतं, वाघ मरतो, रात्री मोटर लावायला निघालेला शेजारी पण मरतो. हा मुद्दा मी प्रत्येक टेबलावर मांडला, आणि जे साहेब तोपर्यंत मोबाईल बघत होते त्यांनी पण मान वर केली.

एवढं करून पण जमा करा म्हणालेच तर करा, वाद घालू नका, लपवू तर अजिबात नका, ते अंगलट येतं. पण पावतीवर बंदुकीचा नंबर, काडतुसांची संख्या आणि बंदुकीची अवस्था लिहून घ्या, देण्याआधी नळीला तेल पाजा, कापडात गुंडाळा, चिठ्ठी सुतळीऐवजी तारेनं बांधा, फोटो काढा. "हरकत राखून जमा करत आहे" एवढी ओळ पावतीच्या ओसीवर स्वतःच्या हातानं लिहा. निकालाच्या दिवशीच परतीचा अर्ज टाका, आठव्या दिवशी दुसरा, आणि त्याची प्रत एसपी ऑफिसला. मागच्या वेळी आमच्या गावच्या सात जणांनी असे अर्ज टाकले होते, अकराव्या दिवशी सातही बंदुका घरी आल्या.