नेत्रसर्जन घडवताना या चुका टाळा

सोलापुरात शिकून तयार झालेला नेत्रसर्जन उद्या करमाळ्याला किंवा सांगोल्याला एकटा ऑपरेशन करणार आहे. तिथे फेकोचं मशीन (अल्ट्रासाऊंडने मोतीबिंदू फोडून शोषून घेणारं) असेलच असं नाही. आणि ‘अजून पिकू दे’ म्हणत थांबलेल्या आजीचा मोतीबिंदू तोवर पार कडक झालेला असतो. म्हणून शिकणाऱ्याला आधीच फेकोकडे पळवणं ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक. बिनटाक्याच्या एसआयसीएसवर, म्हणजे लहान छेदातून हातानेच मोतीबिंदू काढण्याच्या ऑपरेशनवर, आधी हात बसू द्या.

यात सगळी मदार टनेलवर, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत नेलेल्या बोगद्यासारख्या छेदावर. तो करायचं क्रिसेंट ब्लेड खोल गेलं तर टनेल वेळेआधीच आत उघडतं आणि आयरिस (डोळ्यातला रंगीत पडदा) बाहेर येऊ लागते. वरवर राहिलं तर छताला भोक पडतं. दोन्ही वेळा तीच जागा रेटू नका. दुसऱ्या टोकापासून सुरुवात करा: खोल गेलं असेल तर वरच्या थरातून, भोक पडलं असेल तर थोडं खोलातून. शेवटी जखम गळतेय असं वाटलं तर सरळ टाका घाला, त्यात कमीपणा कसला! अशा चुका आधी बकऱ्याच्या डोळ्यावर होऊन जाव्यात. खाटकाकडे ताजे डोळे मिळतात.

कॅप्सूल (भिंगाभोवतीची पातळ पिशवी) फाटली की नवशिका घाबरून हत्यार झटकन बाहेर काढतो, पाठोपाठ व्हिट्रिअस (डोळ्याच्या मागच्या भागातली जेली) येतं. थांबा, व्हिस्कोने (डोळ्यात भरायच्या घट्ट जेलने) डोळ्याचा पुढचा कप्पा भरा, मग हत्यार काढा. अशा वेळी शिकवणाऱ्यानेही न बोलता केस हातातून काढून घेऊ नये. आपण काय करतोय ते सांगत करावं.

केसेस मोजायच्या आणि नजर मोजायची नाही, हेही थांबायला हवं. पेशंटला चष्म्याशिवाय ६/१८ तरी (निकोप डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारं अक्षर ६ मीटरवरून) दिसतंय का, हे दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा चार ते सहा आठवड्यांनी ज्याने ऑपरेशन केलं त्यानेच तपासावं. ओळीने सगळ्यांना मायनस नंबर येतोय? मग ए-स्कॅनचा, म्हणजे भिंगाचा नंबर ठरवायला डोळ्याची लांबी मोजणाऱ्या यंत्राचा, प्रोब बुबुळावर (कॉर्नियावर) दाबला जातोय का ते बघा. लांबी १ मिलिमीटरने चुकली तर नंबर अडीच-तीनने चुकतो.

मोतीबिंदूच्या नादात बुबुळाच्या जखमा शिकवायच्या राहतात. उसाचं पान किंवा कडबा लागून आलेल्या डोळ्यात बुरशी असू शकते. स्टिरॉइडचे थेंब घातले तर ती फोफावते. आधी जखम खरवडून नमुना मायक्रोस्कोपखाली बघायला शिकवा, औषध त्यानंतर.