डोमेन आधी आपल्या नावावर घ्या
दादर-परळच्या दुकानदारांनो, घरगुती फराळ विकणाऱ्या ताईंनो, वेबसाइट करून घेताना रंग आणि फॉन्ट नंतर बघा. आधी विचारा, डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणाच्या नावावर जाणार? "तुम्ही कशाला त्रास घेता, मीच घेतो," म्हणत बरेच डिझायनर ते स्वतःच्या ईमेलवरून नोंदवतात. मग नूतनीकरण राहिलं किंवा तो फोनच उचलेनासा झाला, की पाटीवर आणि बिलावर छापलेला पत्ता हातचा जातो. रजिस्ट्रारकडचं, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडचं, खातं तुमच्या ईमेलने उघडा, ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येऊ दे. होस्टिंगचंही, म्हणजे साइट जिथे ठेवली जाते त्या जागेचंही, तसंच.

करार लेखीच हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, बाहेरच्या माणसाने केलेल्या कामाचा हक्क लेखी हस्तांतर नसेल तर सहसा त्याच्याकडेच राहतो. नुसते पैसे दिले म्हणून तो तुमचा होत नाही. हे खरंच फार कमी जणांना माहीत असतं.

शेवटचा हप्ता पासवर्ड आणि बॅकअप हातात आल्यावरच द्या.

आणि डिझायनरच्या जुन्या कामाच्या स्क्रीनशॉटवर भुलू नका. त्याने केलेली एखादी चालू साइट लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर उघडा. किती वेळात उघडते, ऑर्डरचं बटण एका अंगठ्याने दाबता येतं का, ते बघा.