टर्नटेबलखालचे रबर किती दबायला हवे?

टर्नटेबलचा, म्हणजे तबकड्या वाजवण्याच्या यंत्राचा, आवाज सुधारण्यासाठी काहीही विकत घेण्याआधी एक चाचणी करावी. मोटर बंद ठेवून स्थिर तबकडीवर पिन अलगद टेकवावी, आवाज नेहमीच्या पातळीवर आणावा आणि टर्नटेबल ज्या फळीवर ठेवले आहे तिच्यावर बोटाच्या पेराने हलकेच टकटक करावी. ती टकटक स्पीकरमधून ‘धप्प’ अशी मोठी होऊन ऐकू आली, तर फळीची कंपने पिनपर्यंत पोहोचत आहेत असे समजावे. त्यानंतर आवाज हळूहळू वाढवत न्यावा. मध्येच एखादा घुमारा आपोआप फुगू लागला, तर स्पीकरची कंपने फळीतून पिनकडे आणि पिनकडून पुन्हा स्पीकरकडे अशी फिरत आहेत. अशा वेळी आवाज लगेच कमी करावा, नाहीतर स्पीकरला इजा होऊ शकते. मात्र पिन उचलल्यावरही गुणगुण तशीच राहत असेल, तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो. त्यावर रबराचा उपयोग नाही, अर्थची तार घट्ट बसली आहे का ते पाहावे.

इतक्या हलक्या टकटकीचा एवढा आवाज का व्हावा, हे समजून घेतले की पुढचे उपाय नीट कळतात. एलपीवरील खोबणीची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे पाच शतांश असते आणि तिच्या भिंतींवरचे चढउतार त्याहूनही सूक्ष्म असतात. पिनेला जाणवते ती फक्त हालचाल; ती हालचाल गायकाच्या स्वराची आहे की शेजारच्या खोलीत सुरू झालेल्या मिक्सरची, हा फरक तिला करता येत नाही. त्यात भर अशी की, तबकडी कोरताना खर्जाचा भाग मुद्दाम लहान करून कोरतात आणि ऐकताना पिनेचा क्षीण संकेत मोठा करणारा फोनो प्रीअॅम्प तो पुन्हा मोठा करतो. रिआ नावाच्या प्रमाणानुसार २० हर्ट्‌झवरचा (सेकंदाला २० कंपनांचा) संकेत १००० हर्ट्‌झच्या तुलनेत सुमारे ९ पट वाढवला जातो. घरातली बहुतेक कंपने याच खालच्या पट्ट्यात असल्यामुळे तीही तितकीच वाढतात.

माझे पहिले टर्नटेबल मी बैठकीतल्या शोकेसवर, दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये ठेवले होते. दिसायला ते फारच देखणे होते, पण तबल्याच्या डग्ग्यावरची मींड ऐकू न येता नुसतीच ‘घुम्म’ व्हायची आणि दोष तबकडीचा आहे असे मी कित्येक महिने समजत होतो. स्पीकर शोकेसवरून उतरवून वेगळ्या स्टुलांवर ठेवले, त्या दिवशी निम्मा त्रास एक रुपयाही न खर्चता संपला. म्हणून पहिली पायरी हीच: स्पीकर आणि टर्नटेबल एकाच फर्निचरवर ठेवू नयेत, आणि टर्नटेबल खोलीच्या कोपऱ्यातही ठेवू नये, कारण खर्ज कोपऱ्यात साचतो. अॅक्रिलिकचे झाकण तबल्याच्या पुडीसारखे हवेतली कंपने पकडते. तबकडी वाजत असताना ते काढून बाजूला ठेवून पाहावे.

एवढे करूनही टकटक ऐकू येत असेल, तर मग मऊ आधाराकडे वळावे. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. रबर, जेल किंवा सॉर्बोथेन (धक्के शोषणारे रबरासारखे द्रव्य) यांपैकी काहीही खाली सरकवले की कंपने थांबतात, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात आधार वजनाखाली दबला पाहिजे, आणि किती दबतो त्यावरच सारे अवलंबून असते. आधार १ मिलिमीटर दबत असेल, तर टर्नटेबल त्यावर सुमारे १६ हर्ट्‌झला डोलते. ४ मिलिमीटर दबल्यास सुमारे ८ हर्ट्‌झला आणि १० मिलिमीटर दबल्यास सुमारे ५ हर्ट्‌झला. टर्नटेबलची ही डोलण्याची जी गती असेल, तिच्या साधारण दीडपटीच्या वरची कंपनेच असा आधार रोखू शकतो. खालची तो जशीच्या तशी जाऊ देतो, आणि नेमक्या त्या गतीची कंपने तर उलट वाढवतो. म्हणून अडीच-तीन किलोच्या हलक्या टर्नटेबलखाली दहा किलोसाठी बनवलेले महागडे पाय लावले, तर ते फारसे दबत नाहीत आणि लावले न लावले सारखेच होते.

स्वस्तात जमणारा आणि मला सर्वांत पटलेला उपाय म्हणजे कडाप्प्याची फरशी आणि स्क्वॉशचे चेंडू. स्वयंपाकघरातले ओटे आणि मांडण्या बनवणाऱ्यांकडे कडाप्प्याचे उरलेले तुकडे पडलेले असतात. त्यातून ४५ बाय ३५ सेंटिमीटरचा, २ सेंटिमीटर जाडीचा तुकडा कडा घासून घ्यावा. त्याचे वजन साधारण साडेआठ किलो भरते. चेंडू दोन पिवळ्या ठिपक्यांचे, म्हणजे सर्वांत कमी उसळणारे घ्यावेत, कारण कमी उसळणारे रबर ऊर्जा जास्त जिरवते. चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर असतो. त्याच्यावर मधोमध रबरबँड ताणून बसवावा, त्याच्या कडेने पेनाने रेघ मारावी आणि धारदार कटरने रेघेवरून थोडे थोडे फिरवत कापावे. एका दमात कापायला गेल्यास कटर घसरतो, त्यामुळे दुसऱ्या हातात जाड मोजा असू द्यावा. दोन चेंडूंच्या चार वाट्या होतात.

वाट्या पालथ्या, म्हणजे सपाट कड खाली ठेवून चारही कोपऱ्यांजवळ मांडाव्यात, त्यांवर फरशी ठेवावी, फरशीवर पातळ कॉर्क किंवा नमदा पसरावा आणि त्यावर टर्नटेबल ठेवावे. मधला थर गाळू नये. कडाप्पा टिचकी मारली की टणकन वाजतो आणि तो नाद थेट टर्नटेबलच्या पायांत शिरतो. आता पट्टी उभी धरून प्रत्येक वाटीची उंची मोजावी. पाच किलोच्या टर्नटेबलसह माझ्याकडे २० मिलिमीटरची वाटी साधारण १५ वर येते, म्हणजे ५ मिलिमीटर दबते आणि हिशेबाने डोलण्याची गती ७ हर्ट्‌झच्या आसपास पडते. रबर कंपनांना थोडे अधिक ताठरपणे सामोरे जात असल्याने खरी गती त्याहून जराशी वर असते. मोटरच्या किंवा टोनआर्मच्या (पिन धरणाऱ्या दांडीच्या) बाजूला वजन जास्त असल्यास तिकडच्या वाट्या अधिक दबतात. अशा वेळी त्या बाजूच्या वाट्या आत-बाहेर सरकवून चारही सारख्या दबतील असे करावे. शेवटी गवंडी वापरतात ती पाणसळ तबकडीखालच्या फिरत्या थाळीवर उभी-आडवी ठेवून पातळी तपासावी.

येथे एक पथ्य आहे. टोनआर्म आणि कार्ट्रिज (पिन जिच्यात बसवलेली असते ती डबी) यांची स्वतःचीही डोलण्याची एक गती असते आणि ती साधारण ८ ते १२ हर्ट्‌झमध्ये असावी अशी अपेक्षा असते. आधाराची गती नेमकी तिच्यावर येऊन बसली, तर स्पीकरचे पडदे संथपणे आत-बाहेर होताना दिसू लागतात. तसे दिसल्यास फरशी आणखी जड घ्यावी, म्हणजे वाट्या अधिक दबतील आणि आधाराची गती खाली जाईल. वाकलेल्या तबकडीमुळेही पडदे असेच हलतात, म्हणून सपाट तबकडी लावूनच हे पाहावे.

काही ठिकाणी हा उपाय करूच नये. थॉरेन्स टीडी १५० किंवा लिन सोंडेक एलपी१२ यांसारख्या टर्नटेबलांच्या आत स्प्रिंगांवर तोललेली चौकट आधीच असते. त्यांच्याखाली आणखी मऊ आधार दिल्यास दोन झोके एकमेकांत अडकतात. त्यांना हलके आणि कडक टेबल मानवते. सुटकेससारख्या पेटीतल्या टर्नटेबलात स्पीकर आतच असतात, त्यामुळे तेथे खाली काहीही ठेवून फारसा फरक पडत नाही. जुन्या वाड्यातली किंवा चाळीतली लाकडी तक्तपोशी पावलागणिक लवते, आणि ती लवण दोन-चार हर्ट्‌झची असल्याने चेंडूंच्या आवाक्याबाहेर राहते. तेथे भक्कम भिंतीत ठोकलेल्या ब्रॅकेटवर टर्नटेबल ठेवणे हाच मार्ग आहे. सिमेंटच्या स्लॅबच्या घरात हा प्रश्न क्वचितच येतो.

सगळे मांडून झाल्यावर सुरुवातीची टकटक पुन्हा त्याच आवाजावर, त्याच जागी करावी. ‘धप्प’चे ‘टप्’ झाले असेल, तर एखादी डग्ग्याची किंवा तानपुऱ्याची ओळखीची तबकडी आधीच्याच पातळीवर ऐकावी. खर्जाचे प्रमाण पहिल्यांदा कमी झाल्यासारखे वाटते, कारण घुमाऱ्याची कानाला सवय झालेली असते. दोन दिवस तसेच ऐकून मग मत बनवावे. वाट्या वजनाखाली हळूहळू कायमच्या चपट्या होतात, म्हणून दर सहा महिन्यांनी पट्टी आणि पाणसळ लावून पाहावी आणि एखादी वाटी बसली असल्यास चारही एकदम बदलाव्यात. लाकडी टेबलाच्या पॉलिशवर रबराचा काळा किंवा तेलकट डाग पडतो, तेव्हा वाट्यांखाली काचेचे किंवा टाइलचे छोटे तुकडे ठेवावेत.