ऑनलाइन मैत्रीत कौतुक करताना या चुका टाळा

आमचा अभिवाचनाचा ग्रुप दर रविवारी रात्री नऊला भरतो. फोंड्याच्या आम्ही तिघीजणी, पणजीचे एक निवृत्त मास्तर आणि बाकीची मंडळी अकोला, नाशिक, ठाणे, दुबई अशी विखुरलेली. एकाने कथा वाचायची, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून ऐकायचं. चार वर्षं झाली, पण यातल्या बहुतेकांना मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. तरी गोव्यात पावसाने झोडपल्याची बातमी आली की पहिला फोन अकोल्याहून येतो.

या माणसांमधलं आपल्याला काय आवडतं हे त्यांना सांगावंसं वाटतं आणि नेमकं तेच जमत नाही. गावात हे किती सोपं असतं. भजनात एखादीने अभंग सुरेख उचलला तर बाहेर पडताना तिच्या हातावर अबोलीची फाती, म्हणजे फुलांची माळ, ठेवायची, बोलायचीही गरज नाही. जत्रेतलं नाटक संपल्यावर रंगपटात डोकावून पाठीवर हात ठेवला की नटाला सगळं कळतं. ऑनलाइन मित्राला फाती देता येत नाही आणि त्याच्या पाठीपर्यंत हातही पोचत नाही. सगळा भार शब्दांवर येतो, म्हणून तिथल्या चुका जास्त लागतात. चार वर्षांत मी स्वतः केलेल्या आणि जवळून पाहिलेल्या अशा काही चुका इथे लिहिते आहे.

'खूप छान' लिहून मोकळं होणं

ही चूक सगळ्यात जास्त होते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगते.

गेल्या जुलैत अकोल्याच्या ताईंनी एक कथा वाचली. म्हातारा बैल विकून घरी येतो आणि सवयीने गोठ्यात जातो, असा प्रसंग होता. 'दावं तसंच होतं' एवढं वाचून ताई थांबल्या. तीन-चार सेकंद काहीच नाही. माझ्याकडे छपरावर पाऊस वाजत होता, तोही त्या क्षणी ऐकू येईनासा झाला. मग त्यांनी पुढचं वाक्य अगदी खालच्या आवाजात, जवळजवळ स्वतःशीच म्हटल्यासारखं वाचलं.

वाचन संपलं आणि ग्रुपवर रांग लागली. खूप छान. मस्त. अप्रतिम. गुलाबाची फुलं, टाळ्या, हात जोडलेले. मीही 'खूपच छान ताई' असं लिहिलं आणि झोपायला गेले. दोन दिवसांनी सहज बोलताना ताई म्हणाल्या, "आपल्या ग्रुपवर सगळे मनाने चांगले आहेत हो, सगळ्यांना छानच म्हणतात." त्यात तक्रार नव्हती. पण मला चुटपूट लागली. मागच्या रविवारी एकाने अडखळत, पानं चुकवत वाचलं होतं, त्यालाही आम्ही हेच शब्द दिले होते. ताईंनी त्या तीन सेकंदांत काय केलं ते मला कळलं होतं, पण मला ते कळलंय हे त्यांना समजायला मार्गच नव्हता.

म्हणून मग पर्सनलवर पुन्हा लिहिलं: "ताई, 'दावं तसंच होतं' नंतर तुम्ही थांबलात तेव्हा मला माझ्या आजोबांचा रिकामा गोठा दिसला. पुढचं वाक्य तुम्ही रडवेल्या आवाजात वाचलं असतं तर गंमत गेली असती. तुम्ही आवाज खाली घेतलात, तो मला फार आवडला."

यात एकही मोठा शब्द नाही. मात्र तीन गोष्टी आहेत: नेमका क्षण, त्याने माझ्यात काय झालं ते, आणि ताईंनी जाणूनबुजून काय केलं ते. तुमचाही मेसेज पोकळ वाटत असेल तर पाठवण्याआधी एक साधी परीक्षा घ्या. हाच मेसेज ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणालाही जसाच्या तसा पाठवता येईल का? येत असेल तर तो अजून पुरा झालेला नाही. रेकॉर्डिंग असेल तर पुन्हा ऐका, जुनं चॅट वर सरकवून पाहा. जे आपल्याला आवडलं ते तिथेच कुठेतरी सापडतं.

देणगी म्हणून मेहनत पुसून टाकणं

ठाण्याच्या मैत्रिणीला मी एकदा लिहिलं होतं, "तुला आवाजाची देवाचीच देणगी आहे." मनापासून लिहिलं होतं. तिने फक्त हसरा चेहरा पाठवला. नंतर कळलं की ती दर शनिवारी पहाटे, घरचे उठायच्या आत, स्वयंपाकघराचं दार लावून तीच कथा तीन वेळा मोठ्याने वाचते. श्वास कुठे घ्यायचा त्या जागी पेन्सिलीने उभ्या रेघा मारते. त्या सगळ्या पहाटा मी एका वाक्यात देवाच्या खात्यावर टाकल्या होत्या.

क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञ बाईंचं १९९८ मधलं संशोधन या बाबतीत प्रसिद्ध आहे. पाचवीच्या मुलांपैकी काहींना त्यांनी 'हुशार आहेस' असं म्हटलं आणि काहींना 'मेहनत घेतलीस' असं. पुढे अवघड प्रश्नांत अपयश आल्यावर हुशारीचं कौतुक झालेल्या मुलांची चिकाटी आणि गोडी कमी झाली, मेहनतीचं कौतुक झालेली मुलं टिकून राहिली. मोठ्या माणसांचंही फार वेगळं नसावं असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं. आता मी आधी विचारते, "याची तयारी कशी केलीस?" त्या उत्तरातच कौतुक करण्याजोगं काहीतरी निघतं.

थट्टेच्या सुरात कौतुक

मराठीत हा धोका जरा जास्तच आहे. आपण 'भयानक वाचलंस' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ उत्तम असाही होतो आणि वाईट असाही. समोर बसून म्हटलं तर चेहरा बघून कळतं. चॅटवर नुसतं 'भयानक वाचलंस रे' वाचून दुबईचा मुलगा दोन रविवार आलाच नाही. लिहिणारी आमच्यापैकीच एक होती आणि तिने ते अगदी लाडाने लिहिलं होतं.

जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ईमेलच्या सुराबद्दलचे प्रयोग प्रसिद्ध केले. उपरोधाने लिहिलेलं आणि गंभीरपणे लिहिलेलं वाक्य वाचणाऱ्याला ओळखता येतं का, हे त्यांनी पाहिलं. आपला सूर ७८ टक्के वेळा ओळखला जाईल असं पाठवणाऱ्यांना वाटत होतं. आवाजातून सांगितलं तेव्हा तो ७३ टक्के वेळा ओळखला गेला, ईमेलमधून फक्त ५६ टक्के. नाणं उडवून ठरवलं असतं तरी निम्मं बरोबर आलं असतं! आणि लिहिणाऱ्याला याचा पत्ताही नसतो, कारण त्याच्या कानात स्वतःचाच आवाज घुमत असतो.

तेव्हा थट्टा करायचीच असेल तर व्हॉइस नोट पाठवा. लिहायचं असेल तर सरळ लिहा. आणि गैरसमज झाल्याचं लक्षात आलं तर 'अरे मी गंमत केली' म्हणून समोरच्यालाच खुळं ठरवू नका. "माझं वाक्य चुकलं, मला असं म्हणायचं होतं" एवढं पुरतं. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, ती सोय वापरा. सर्वांसाठी डिलीट केलात तर डिलीट केल्याची खूण मागे राहते, आणि तिथे काय लिहिलं होतं या विचाराने समोरचा रात्रभर जागतो.

आपलं मराठी चांगलं नाही म्हणून गप्प राहणं

हे खास आपल्या गोव्यातल्या वाचकांसाठी. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी कोंकणी बोलतात आणि वाचन, भजन, नाटक मराठीत चालतं. १९८७ च्या राजभाषा कायद्यानेही कोंकणीला राजभाषा केलं आणि सरकारी कामात मराठीच्या वापराची सोय ठेवली. आपल्या घरात या दोन्ही भाषा एकाच जेवणाच्या पंगतीला बसतात. पण नाशिक-ठाण्याच्या मित्राला काही लिहायची वेळ आली की हात आखडतो. आपलं वाक्य त्यांना गावंढळ वाटेल, 'ण'चा 'न' होईल, अशी धास्ती असते. माझ्या शेजारणीने सहा महिने ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि ऐकताना मात्र तिचे डोळे भरून यायचे.

अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये कृतज्ञतेच्या पत्रांवर अभ्यास प्रसिद्ध केला. लिहिणाऱ्यांना शब्द बरोबर जमतील का याची काळजी होती, आणि वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल असं वाटत होतं. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांना त्यांच्या अंदाजापेक्षा कमी अवघडलं आणि कितीतरी जास्त आनंद झाला. वाचणारा शब्दांची घडण तपासत बसत नाही, त्याला त्यातली माया पोचते.

शेजारणीने शेवटी मास्तरांच्या वाचनानंतर एवढंच लिहिलं: "आज आईची याद आली. देव बरें करूं." मास्तर पणजीचे, त्यांना समजलंच. पण अकोल्याच्या ताईंनीही अर्थ विचारून घेतला, आणि आता आभार मानायचे असले की त्याही तेच लिहितात.

संबोधनाचं मात्र जपा. आपण कोंकणीत आईवडिलांनाही 'तूं' म्हणतो, त्यात अनादर नसतो. तेच मराठीत उतरलं की पलीकडच्या वयस्क माणसाला ते खटकतं. उलट, आपण आदराने नावापुढे 'बाब' लावतो ते घाटावरच्या माणसाला उलगडत नाही. एका काकांना मी तसं लिहिलं तर 'बाबा' मधला काना राहून गेला असं त्यांना वाटलं. वय माहीत नसेल तर 'तुम्ही'पासून सुरुवात करावी आणि 'तू'वर यायचं त्यांच्यावर सोपवावं.

कुठे सांगायचं, कधी सांगायचं

सगळं कौतुक चारचौघांत करू नये. वाचनाबद्दल ग्रुपवर खुशाल लिहा. पण कुणी आजारपणातून उठून वाचलं, कुणी भीती मोडून पहिल्यांदा माइक सुरू केला, हे पर्सनलवर. ग्रुपवर लिहिलंत तर त्याची खासगी गोष्ट उघडी पडते. 'आपल्यात तुझ्यासारखं कुणीच वाचत नाही' हे तर कुठेच लिहू नये. एकाला वर चढवताना दहाजण खाली उतरतात, आणि ज्याला चढवलं त्यालाही पुढच्या रविवारी धाप लागते.

कौतुकाच्या शेपटाला काम बांधू नका. "काय सुंदर बोलता तुम्ही! बरं, माझ्या भाचीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर बघून द्याल का?" यातलं पहिलं वाक्य दुसऱ्यामुळे खोटं ठरतं, मग ते कितीही खरं असो. काम असेल तर ते वेगळ्या दिवशी आणि सरळ सांगा.

पुरुषांनी बायकांना लिहिताना रूप, डीपी, साडी यांवर अजिबात जाऊ नये. रात्री साडेअकराला तर नाहीच. वाचनाच्या ग्रुपवरची ओळख वाचनापुरती आहे, तिथलं कौतुकही तिथलंच असावं. याला अपवाद कुठला असेल असं मला वाटत नाही.

आणखी एक बारीक तपासणी: चॅटमध्ये मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सेटिंग चालू आहे का ते पाहा. ती चोवीस तास, सात दिवस किंवा नव्वद दिवसांवर असते. मनापासून लिहिलेली चार वाक्यं माणूस जपून ठेवतो, खचलेल्या दिवशी पुन्हा काढून वाचतो. ती आपल्या सेटिंगने पुसली जाऊ नयेत.

उत्तर आलं नाही तर

निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही, म्हणजे समोरचा रागावला असं आपण लगेच धरतो. मग 'मेसेज मिळाला ना?', मग 'काही चुकलं का?', मग एक फूल. यातून त्याच्यावर उत्तराचं ओझं पडतं. कौतुक ऐकून घ्यायची सवय नसलेली माणसं पुष्कळ आहेत, विशेषतः आधीच्या पिढीतले पुरुष. त्यांना काय बोलावं ते सुचत नाही.

नाशिकचे काका ग्रुपवर फारसं वाचत नाहीत. पण दुबईच्या मुलाकडून मला कळलं की कुणी नवीन माणूस आला की काका आदल्या दिवशी त्याला स्वतः फोन करतात. माइक चालतो का बघतात, आवाज घुमत असेल तर पंखा बंद करायला सांगतात, पहिलं पान वाचून घेतात. चार वर्षांत याचा त्यांनी कुठे उच्चारही केला नव्हता. मी त्यांना लिहिलं: "काका, नव्या माणसाची भीती रविवारच्या आधीच तुम्ही घालवता हे मला आत्ता कळलं. आमच्या ग्रुपवर येऊन कुणी परत जात नाही, ते तुमच्या त्या फोनमुळे."

खुणा निळ्या झाल्या. आठ दिवस काही नाही. रविवारी काका आले, नेहमीसारखे माइक बंद ठेवून बसले, गेले. मी काही विचारलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला मेसेज आला. "तुम्हाला कोणी सांगितलं?" आणि मी दुबईचं नाव लिहीपर्यंत खाली दुसरा: "त्याचा माइक खरोखरच खराब होता हो. तीन वेळा लावून बघावा लागला."