शुभेच्छापत्रांसाठी यंत्रे निवडताना प्रिंटरआधी घडीचा विचार करा

कोकणात शुभेच्छापत्रांचा छोटा व्यवसाय सुरू करणारे बहुतेक लोक आधी प्रिंटर विकत घेतात, मग त्या प्रिंटरला झेपेल असा कागद शोधतात आणि उरलेल्या पैशांत बसेल ते कटर व घडीचे यंत्र घेतात. हा क्रम उलटा आहे. रंगांतला किरकोळ फरक गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही, पण घडीवर शाई फुटून पडलेली पांढरी रेघ त्याला तात्काळ दिसते आणि त्या एका रेघेमुळे दुकानदार सगळा गठ्ठा परत पाठवतो. म्हणून आधी कागद आणि घडी ठरवावी, त्यानंतर प्रिंटर.

पत्राचा आकार बाजारात सहज मिळणाऱ्या पाकिटावरून ठरवावा. कागद २५० ते ३०० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) पुरतो; त्याहून जाड कागद कोकणातल्या छोट्या यंत्रांवर नुसता त्रास देतो.

आता घडीकडे येऊ, कारण मीही सर्वांत जास्त काळ इथेच अडलो होतो. कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने बसतात. छापखान्यात याला ग्रेन म्हणतात. घडी ग्रेनला समांतर असेल तर ती सरळ आणि गुळगुळीत बसते, आडवी असेल तर तंतू मोडतात आणि कड खरबरीत होते. अडचण अशी की ए४ आकाराच्या तयार कागदाच्या गठ्ठ्यांत ग्रेन बहुधा लांब बाजूला समांतर असते आणि ए४ची ए५ करणारी घडी मात्र आखूड बाजूला समांतर येते. म्हणजे सर्वांत सोपा वाटणारा मार्गच घडी फोडणारा आहे. यावर दोन उपाय आहेत. एक तर पत्र उभे, अरुंद करावे, म्हणजे घडी लांब बाजूने येईल; नाहीतर कोल्हापूर किंवा मुंबईच्या कागदवाल्याकडून मोठ्या शीटमधून आपल्याला हव्या त्या ग्रेनने तुकडे कापून घ्यावेत. मी दुसरा उपाय पसंत करतो. अशा तुकड्याची आखूड कड पुढे ठेवून तो प्रिंटरमध्ये घातला, तर रोलरभोवतीही तो अधिक सहज वळतो.

ग्रेन ओळखण्यासाठी दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. कागद न मोडता आधी लांबीत आणि मग रुंदीत वाकवून पाहावा; ज्या दिशेने तो कमी विरोध करतो, तिथे वाकाची रेघ ग्रेनला समांतर असते. शंका उरली तर छोटा चौकोन एका बाजूने ओला करावा. त्याची जी सुरळी वळते, तिची लांबी ग्रेनच्या दिशेने असते.

यानंतर क्रीझिंगचे, म्हणजे घडी घालण्याआधी कागदावर रेघ दाबण्याचे यंत्र. कटिंग, क्रीझिंग आणि परफोरेशन (फाडण्यासाठी छिद्रांची रेघ) एकाच यंत्रात देणारी, चाक फिरवून रेघ पाडणारी स्वस्त यंत्रे घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. चाक कागदाचा पृष्ठभाग ओढते आणि रेघेची खोली सुरुवातीला एक, शेवटी दुसरी येते. त्याऐवजी हाताच्या दांड्याने पूर्ण लांबीची पट्टी एकदम खाली दाबणारे ए३ रुंदीचे यंत्र घ्यावे. ते विजेवर अवलंबून नसते, हे आपल्याकडच्या पावसाळ्यात कमी महत्त्वाचे नाही. एखाद्या जुन्या छापखान्यात ट्रेडल मशीन (जुन्या पद्धतीचे, दाबून छापणारे छोटे यंत्र) विक्रीला असेल, तर क्रीझिंग आणि पंचिंग (साच्याने आकार कापणे) या दोन्ही कामांसाठी ते उत्तम आहे. मात्र त्यावर हात चिरडण्याचा धोका खरा असल्यामुळे ज्याने ते चालवलेले नाही, त्याने शिकल्याशिवाय त्याला हात लावू नये.

यंत्र पाहायला जाताना आपलाच छापलेला कागद बरोबर न्यावा. पट्टी ज्या खाचेत दाबली जाते, त्या चॅनेलची रुंदी कागदानुसार बदलता येते का, हे आधी विचारावे. साधारण हिशेब असा: कागदाच्या जाडीची दीडपट आणि त्यात पट्टीची जाडी. कागद ०.३ मिलिमीटर आणि पट्टी ०.७ मिलिमीटर असेल, तर चॅनेल सुमारे १.२ मिलिमीटरचे हवे. अरुंद चॅनेल कागद कापते, रुंद चॅनेलमध्ये घडी भरकटते. नंतर कागदाच्या तीन पट्ट्या यंत्राच्या डाव्या टोकाला, मध्यभागी आणि उजव्या टोकाला दाबून पाहाव्यात. मधली रेघ फिकी आली तर पट्टी वाकलेली आहे. ते यंत्र कितीही स्वस्त मिळत असले तरी सोडून द्यावे.

पुढची गोष्ट विक्रेतेसुद्धा चुकीची सांगतात. क्रीझिंगने एका बाजूला खोलगट रेघ आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा तयार होतो. खोलगट बाजू दिसली की हात आपोआप त्या दिशेने घडी घालतो, आणि नेमके तेच टाळायचे असते. उंचवटा घडीच्या आत राहिला पाहिजे. तेव्हाच बाहेरच्या थरावर ताण कमी येतो आणि छपाई फुटत नाही. म्हणून पट्टी वरून दाबणाऱ्या यंत्रात पत्राची बाहेरची बाजू वर ठेवावी.

एवढे करूनही लेसर छपाईचा गडद रंग घडीवर थोडा फुटू शकतो, कारण टोनर हा कागदावर वितळवून बसवलेला प्लास्टिकचा थर असतो. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथी या लोककलेच्या धाटणीची चित्रे वापरणाऱ्यांनी जाड काळी किनार किंवा भरीव लाल पार्श्वभूमी घडीवरून नेऊ नये. प्रिंटरमधल्या फ्यूजरच्या, म्हणजे टोनर वितळवणाऱ्या भागाच्या उष्णतेने कागद कोरडा होतो, त्यामुळे प्रिंटरमधून निघालेला कागद लगेच क्रीझ न करता काही तास ठेवावा.

प्रिंटर निवडताना माहितीपत्रकावरचा सर्वाधिक जीएसएमचा आकडा कोणत्या ट्रेचा आहे, हे पाहावे. तो आकडा बहुधा मागच्या किंवा बायपास (हाताने कागद घालायच्या) ट्रेचा असतो आणि आपोआप दोन्ही बाजू छापण्याची मर्यादा त्याहून बरीच कमी असते. जाड कागद हाताने उलटवावा लागणार, हे गृहीत धरावे. खरबरीत टेक्स्चर पेपरवर लेसरचा टोनर खोलगट जागी नीट बसत नाही, तर साध्या आर्ट कार्डवर (लेप दिलेल्या जाड कागदावर) इंकजेटची शाई नीट सुकत नाही. इंकजेटच घ्यायचा असेल तर पिगमेंट शाईचा (रंगाचे न विरघळणारे कण असलेल्या) घ्यावा, कारण दमट हवेत आणि ओल्या बोटांनी डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) पसरते. काम फक्त गणपती आणि दिवाळीपुरते असेल तर लेसर बरा. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या इंकजेटचे हेड चोंदते. लेसर प्रिंटर घरच्या इन्व्हर्टरवर मात्र चालवू नये, फ्यूजर तापताना तो एकदम फार वीज ओढतो.

छपाईच्या कागदाला सुमारे ५० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते आणि जुलैत रत्नागिरी-मालवणकडे हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर सहज जाते. त्यामुळे कागदाचे गठ्ठे मूळ वेष्टनातच ठेवावेत, आणि प्रिंटरचे मोठे मॉडेल घेण्याऐवजी तो पैसा डीह्युमिडिफायरवर, म्हणजे हवेतली ओल काढणाऱ्या यंत्रावर घालावा. एका बाजूचे लॅमिनेशन पावसाळ्यात करूच नये. फिल्म नसलेली बाजू ओल शोषून फुगते आणि पत्र फिल्मच्या बाजूला वळते. लॅमिनेटर विकणारा याबद्दल आपणहून काही सांगत नाही.

कटर गठ्ठा घट्ट दाबून धरणारा घ्यावा आणि छपाई कापायच्या रेघेबाहेर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा न्यावी. डिंकाची पाकिटे पावसाळ्यात पडल्या पडल्या चिकटतात. पट्टी सोलून लावायची घ्यावीत. खाऱ्या हवेत कटरचे पाते लवकर गंजते, म्हणून काम संपल्यावर त्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा आणि दुसऱ्या दिवशी आधी रद्दी कापून ते पुसून घ्यावे. जादा पाते आणि वेगवेगळ्या रुंदीची दोन-तीन चॅनेल्स यंत्राबरोबरच मागून घ्यावीत. ऐन हंगामात ती घाटावरून मागवायची वेळ आली तर काम तोवर बंद राहते.