सशाच्या शिकारीसाठी शॉटगन घेताना: आधी दस्ता, मग नळी

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय संपला. त्यामुळे हा लेख अमेरिकेत, उदाहरणार्थ पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या आणि तिथे हंटर एज्युकेशनचा कोर्स करून, परवाना काढून ससे, खारी किंवा फेझंटच्या (तितराच्या कुळातला मोठा पक्षी) मागे जाणाऱ्यांसाठी. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद, म्हणून कागदपत्रं आधी, दुकान नंतर.

दुकानात जो तो नळी किती इंची ते विचारतो. माझ्या मते हा दुय्यम प्रश्न आहे. झुडपातून उसळलेला ससा नेम धरायला वेळ देत नाही. बंदूक खांद्याला लागताक्षणी नजरेच्या रेषेत यायला हवी. शॉटगनला, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीला, पुढे माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी) असते, मागे बहुधा काहीच नसतं. मागची खूण म्हणजे तुमचा डोळा, आणि तो कुठे येईल हे दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा मागचा भाग, ठरवतो.

पहिलं काम, जोरकस डोळा, म्हणजे नेम धरताना मेंदू ज्यावर भिस्त ठेवतो तो, कोणता ते बघा. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी फट ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबची एखादी वस्तू पाहा आणि मग एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला वस्तू फटीत दिसत राहते तो जोरकस डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा जोरकस निघाला, तर एकतर डाव्या खांद्यावरून मारायला शिका किंवा चष्म्याच्या डाव्या काचेवर छोटा टेपचा तुकडा लावा.

दुसरं, दस्त्याची लांबी. ती चापापासून बटाच्या (दस्त्याचं खांद्याला टेकणारं टोक) मध्यापर्यंत मोजतात. अमेरिकी कारखान्यांची साधारण मापं १४ ते १४.५ इंच असतात, पाच फूट चार-पाच इंचांच्या माणसाला ती बऱ्याचदा लांब पडतात. बट कोपराच्या खोबणीत ठेवून बोट चापाला पोचतं का, ही विक्रेत्यांची आवडती चाचणी फारशी कामाची नाही. जंगलात घालणार तेच जाड जॅकेट घालून दुकानात जा. बंदूक रिकामी असल्याची स्वतः खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि ती खांद्याला लावा. अंगठा आणि नाक यांच्यात दोन-तीन बोटं अंतर राहिलं पाहिजे. दस्ता लांब असेल तर बट काखेतल्या कापडात अडकतो, आखूड असेल तर धक्क्याबरोबर अंगठा नाकावर आदळतो.

तिसरी गोष्ट गालाखालच्या लाकडाची उंची. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, मग उघडा. माशी आणि तिच्याखाली नळीवरच्या पट्टीची बारीक रेघ दिसली तर छान. पट्टी खूप दिसत असेल तर बार वर जाईल. बंदुकीचा मागचा भागच दिसत असेल तर लाकूड खाली आहे, त्यावर चिकटवायची गादी स्वस्तात मिळते. माशी बाजूला सरकलेली दिसली तर दस्त्याला आडवा कल हवा. काही बंदुकांसोबत त्यासाठी पातळ पट्ट्या येतात.

खरा निकाल रेंजवर लागतो. १६ यार्डांवर मोठा कागद लावा, मध्यावर खूण करा आणि माशीकडे न बघता, नजर खुणेवर ठेवून झटकन बार काढा. चार-पाच बारांनंतर छर्ऱ्यांचा दाट भाग खुणेपासून एक इंच वर असेल, तर गालाखालचं लाकूड १/१६ इंच उतरवायचं. जुना ठोकताळा आहे, पण चालतो.

आता नळी. तिची लांबी छर्रे किती पसरतील हे ठरवत नाही, ते काम चोकचं, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेल्या अरुंदपणाचं. एक-दोन इंच कमी झाल्याने वेगात पडणारा फरकही सशाला कळणार नाही. लांबीने बदलतो तो तोल. पंप (पुढची मूठ मागेपुढे ओढून भरायची) किंवा सेमी-ऑटो (आपोआप पुढचं काडतूस भरणारी) बंदुकीचा मधला भाग लांब असल्याने २६ इंची पंप ही जवळपास २९-३० इंची दुनळीएवढी भरते. लॉरेल झुडपांच्या दाट झाडीत ग्राउझ (रानकोंबडीसारखा पक्षी) किंवा ससे शोधायचे तर २६ इंच पुरे. मक्याच्या कापलेल्या शेतावरून उडणाऱ्या फेझंटसाठी २८, कारण पुढे थोडं वजन असलं की बंदूक पक्ष्यामागे एकसारखी फिरते. १८ इंच ही शॉटगनच्या नळीची सर्वसाधारण कायदेशीर किमान लांबी. पण इतकी आखूड नळी घराच्या रक्षणासाठी ठीक, पळत्या सावजावर ती मध्येच अडखळते.

चोक ससा आणि ग्राउझसाठी इम्प्रूव्ह्ड सिलिंडर (थोडा अरुंद), उंच ओकवरच्या खारीसाठी मॉडिफाइड (त्याहून अरुंद). ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात पहिल्याचे साधारण निम्मे छर्रे पडतात, दुसऱ्याचे ६० टक्के.

लाकूड की प्लास्टिक? पावसापाण्यात प्लास्टिक, बाकी हौस. डावखुऱ्यांनी मॉसबर्ग ५०० ही पंप बंदूक हातात घेऊन पाहावी, तिचा सेफ्टीचा खटका वरच्या बाजूला असल्याने दोन्ही अंगठ्यांना सारखाच सोयीचा. बुटक्या माणसाने २० बोअरच्या (नेहमीच्या १२ बोअरपेक्षा बारीक नळीच्या) 'यूथ', म्हणजे आखूड दस्त्याच्या मॉडेलला लाजू नये. आणि दस्ता कापायचाच असेल तर आधी आहे त्याच मापावर बटाचं रबर बदलून, पातळ लावून बघा. बऱ्याचदा अर्धा इंच तिथेच सुटतो.