आयर्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनचा मोसम कसा बघावा

आयर्लंडमध्ये नवीन आला असाल, तर शुक्रवारची संध्याकाळ मोकळी ठेवा. लीग ऑफ आयर्लंड या फुटबॉल लीगची फर्स्ट डिव्हिजन, म्हणजे सर्वात वरच्या प्रीमियर डिव्हिजनच्या खालची पायरी, बहुतेक शुक्रवारी रात्रीच खेळते. मोसम फेब्रुवारीत सुरू होतो. आत थर्मल आणि वर वारा अडवणारं जाकीट हवंच. छत्री मात्र नको, मागच्या माणसाला काही दिसत नाही.

आधी एक संघ धरा. मी कॉर्कला राहते, तरी सांगेन, कोव्ह रॅम्बलर्स बघाच. कॉर्कच्या केंट स्टेशनवरून गाडी थेट कोव्हला जाते. पुढे मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार झालेला रॉय कीन याच संघातून वर गेला. मैदान छोटं आहे. कडेला उभं राहिलं की गोलकीपर बचावफळीवर ओरडतो ते शब्द न् शब्द ऐकू येतं; टीव्हीवर हे कुठलं मिळायला!

गुणतक्त्यात पाचव्या जागेवर नजर ठेवा. दहा संघ, प्रत्येकी ३६ सामने. पहिला थेट वर जातो. दुसरा ते पाचवा प्लेऑफ, म्हणजे वर जाण्यासाठीच्या जादा लढती, खेळतात, आणि त्यातल्या विजेत्याला प्रीमियरच्या नवव्या संघालाही हरवावं लागतं. २०२३ मध्ये वॉटरफर्ड आधी प्रीमियरच्या कॉर्क सिटीला जादा वेळेत २-१ हरवूनच वर चढले. म्हणून ऑगस्टमध्ये आपला संघ सहावा असला तरी जाणं सोडू नका. तेव्हा तर बाहेरगावचे सामनेही गाठा.